शिखराचे मोल

युरोप खंडात आल्प्स पर्वताच्या विशाल रांगा पसरलेल्या आहेत. या रांगांमध्ये स्वित्झर्लंड आणि इटली या दोन देशांच्या सीमेवर एक विलक्षण शिखर उभे आहे. त्याचे नाव माटरहॉर्न. इटलीतील लोक त्यालाच चेरविनो म्हणतात. त्याची उंची ४४७८ मीटर आहे. याहून उंच शिखरे आल्प्समध्ये आहेत. परंतु माटरहॉर्नचे एकाकी आणि उग्र रूप दुसऱ्या कोणत्याही शिखराला लाभलेले नाही. हजारो वर्षे हिमनद्यांनी चारही अंगांनी कोरून काढल्यामुळे त्याला एखाद्या प्रचंड सुळक्याचा आकार आला आहे. त्याचे कडे इतके ताठ आहेत, की पुष्कळ ठिकाणी त्यांवर बर्फही ठरत नाही आणि उघडा खडक दुरूनही दिसतो. माथ्यावर सुमारे शंभर मीटर लांबीची एक अरुंद धार आहे. दोन देशांची सीमा या धारेवरूनच जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या माथ्याला माणसाचा पाय लागला नव्हता. आल्प्समधील बहुतेक मोठी शिखरे एकामागून एक सर होत होती. माटरहॉर्न मात्र अजिंक्य राहिले होते. पायथ्याच्या खेड्यांतील भोळ्या लोकांची तर अशी समजूत होती, की वर एक उद्ध्वस्त नगर आहे, तेथे भुतेखेते राहतात आणि कोणी वर येऊ लागला की ती त्याच्यावर दगड लोटतात. अशा या शिखराशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो माणूस जन्माने डोंगरी नव्हता. तो होता लंडन शहरातील एक चित्रकार. त्याचे नाव एडवर्ड व्हिंपर.

एडवर्डचा जन्म २७ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये झाला. अकरा भावंडांमध्ये त्याचा क्रमांक दुसरा होता. त्याचे वडील लाकडी ठशांवर चित्रे कोरण्याचा व्यवसाय करीत. त्या काळी पुस्तकांत व नियतकालिकांत छायाचित्रे छापता येत नसत. कठीण लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर चित्र कोरावयाचे आणि त्याचा ठसा कागदावर उमटवावयाचा, अशी रीत होती. चौदाव्या वर्षी एडवर्डची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली हे काम शिकू लागला. एक रेघ चुकली तर सारा ठोकळा वाया जाई. त्यामुळे बारकाईने पाहणे, हात स्थिर ठेवणे आणि हाती घेतलेले काम तडीस नेणे हे गुण त्याच्या अंगी लहानपणीच बाणले. मन मात्र त्या कोंदट कारखान्यात रमत नव्हते. उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ प्रदेशात जाऊन आपण नवे शोध लावावेत, अशी स्वप्ने तो पाहत असे.

१८६० साली लंडनमधील एका प्रकाशकाने आल्प्सची चित्रे काढून आणण्यासाठी त्याला पाठविले. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. त्यापूर्वी त्याने मोठा डोंगर असा पाहिलाच नव्हता. वही आणि पेन्सिल घेऊन तो दऱ्याखोऱ्यांतून पायी हिंडला आणि पर्वतांनी त्याला जी भुरळ घातली ती जन्मभर सुटली नाही. पुढच्याच वर्षी तो पुन्हा आला. या खेपेस चित्रे काढण्यापेक्षा शिखरे चढण्याचीच ओढ त्याला अधिक होती; आणि त्याची दृष्टी खिळली होती माटरहॉर्नवर.

इटलीच्या बाजूला ब्रई नावाचे छोटेसे गाव आहे. तेथून शिखराकडे जाणारी नैऋत्येची धारच चढण्यास त्यातल्या त्यात सोपी, असा त्या वेळी सर्वांचा समज होता. त्या भागात जाँ-आंत्वान कारेल नावाचा एक कसलेला वाटाड्या राहत असे. तो शिकारी होता आणि लढाईत सैनिक म्हणूनही लढला होता. माटरहॉर्न जिंकता येईल असा विश्वास बाळगणाऱ्या थोड्या माणसांपैकी तो एक होता. परंतु हा मान इटलीच्या माणसालाच, आणि तोही इटलीच्या बाजूने मिळावा, अशी त्याची तीव्र इच्छा होती. इटलीचे राज्य १८६१ सालीच एक झाले होते आणि नव्या राष्ट्राचा अभिमान कारेलच्या नसानसांत भिनला होता. व्हिंपर आणि कारेल कधी एकत्र चढत, तर कधी एकमेकांचे प्रतिस्पर्धी होत. दोघांनाही एकमेकांचे गुण ठाऊक होते आणि दोघेही सारखेच हट्टी होते.

१८६१ पासून १८६५ पर्यंत व्हिंपरने माटरहॉर्नवर आठ वेळा चढाई केली आणि आठही वेळा त्याला परत फिरावे लागले. कधी वादळाने वाट अडविली, कधी सोबत्यांनी धीर सोडला, तर कधी वरून कोसळणाऱ्या दगडांनी जीव मुठीत धरून पळावयास लावले. १८६२ च्या जुलै महिन्यात तो एकटाच वर गेला होता. उतरताना बर्फाच्या उतारावर त्याचा पाय निसटला. खडकांवर आपटत, उसळत तो सुमारे साठ मीटर खाली फेकला गेला आणि एका भयंकर कड्याच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला. डोक्याला मोठ्या जखमा झाल्या होत्या. त्याने बर्फाचे गोळे जखमांवर दाबून रक्त थांबविले, कसाबसा सुरक्षित जागी सरकला आणि तेथेच बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर तो अंधारातून चाचपडत ब्रईला पोहोचला. जखमा पुरत्या भरल्याही नव्हत्या, तोच काही दिवसांत तो पुन्हा त्याच धारेवर होता.

त्याच वर्षी जॉन टिंडल हे नामवंत शास्त्रज्ञ शिखराच्या पुष्कळ जवळ पोहोचले. पण शेवटच्या टप्प्यावरून त्यांनाही माघार घ्यावी लागली.

प्रत्येक अपयशातून व्हिंपर काही ना काही शिकत गेला. डोंगरावर रात्र काढण्यासाठी त्याने एक हलका व भक्कम तंबू स्वतः तयार केला. तो इतका उपयुक्त ठरला, की पुढे कितीतरी वर्षे गिर्यारोहक त्याच धर्तीचे तंबू वापरीत. दरम्यान आल्प्समधील इतर अनेक दुर्गम शिखरे त्याने प्रथमच सर केली. फ्रान्समधील शामोनीजवळचा मिशेल क्रो हा निष्णात वाटाड्या अनेकदा त्याच्याबरोबर असे.

शेवटी चित्रकाराची सूक्ष्म दृष्टीच त्याच्या कामी आली. स्वित्झर्लंडच्या बाजूला त्सेर्माट हे गाव आहे. तेथून पाहिले म्हणजे माटरहॉर्नचा पूर्वेकडील कडा भिंतीसारखा उभा भासतो. त्यामुळे त्या बाजूने चढण्याचा विचारही फारसा कोणी करीत नसे. पण व्हिंपरच्या ध्यानात आले, की या कड्यावर बर्फ टिकून राहते. कडा खरोखर उभा असता, तर बर्फ घसरून गेले असते. बाजूने पाहिल्यावर उतार दिसतो त्याहून पुष्कळ कमी आहे, याची त्याला खात्री पटली. शिवाय खडकांचे थर इटलीच्या बाजूला बाहेर व खाली झुकलेले होते, तर स्वित्झर्लंडच्या बाजूला ते आत कललेले होते. म्हणजे एका बाजूला निसरडी कौले आणि दुसऱ्या बाजूला ओबडधोबड पायऱ्या, असा प्रकार होता. जे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, ते त्याने नीट पाहिले.

१८६५ च्या जुलै महिन्यात तो ब्रईला आला. कारेलला बरोबर घ्यावे असा त्याचा बेत होता. परंतु इटलीतील गिर्यारोहण मंडळाच्या लोकांनी कारेलशी आधीच गुप्तपणे करार केला होता. ११ जुलैच्या सकाळी कारेल आपल्या तुकडीसह शिखराकडे निघूनही गेला, हे व्हिंपरला नंतर कळले. तो संतापला, पण हातपाय गाळून बसला नाही. दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून तो त्सेर्माटला पोहोचला. ब्रईतच लॉर्ड फ्रान्सिस डग्लस हा अठरा वर्षांचा ब्रिटिश तरुण त्याला मिळाला होता. त्सेर्माटमध्ये चार्ल्स हडसन हे धर्मोपदेशक माटरहॉर्नवरच जाण्याच्या तयारीने आले होते. ते उत्तम गिर्यारोहक होते आणि क्रो त्यांच्याबरोबर होता. हडसन यांच्यासोबत डग्लस हॅडो नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगाही होता. त्याला खडक चढण्याचा अनुभव कितपत आहे, याची व्हिंपरने चौकशी केली. त्याने नुकतेच माँ ब्लां शिखर झपाट्याने सर केले आहे, असे हडसन यांनी सांगितले. माँ ब्लां हे बर्फाचे शिखर, तर माटरहॉर्न खडकाचे. परंतु तिकडे कारेल वर चढत होता. विचार करण्यास वेळ नव्हता, किंबहुना तसे त्यांना वाटले. एका घाईच्या संध्याकाळी दोन तुकड्यांची एक तुकडी झाली.

१३ जुलैच्या पहाटे ते निघाले. डग्लसचा वाटाड्या थोरला पेटर टाउगवाल्डर आणि त्याचा त्याच नावाचा मुलगा, असे मिळून सातजण शिखरावर जाणार होते. पहिली रात्र त्यांनी सुमारे ३३५० मीटर उंचीवर तंबूत काढली. दुसऱ्या दिवशी व्हिंपरचा तर्क अक्षरशः खरा ठरला. जो कडा अशक्य वाटत होता, तो मोठ्या जिन्यासारखा चढता आला. माथ्याजवळच्या थोड्या भागातच खरी कसोटी लागली. तेथे हॅडोला वारंवार आधार द्यावा लागत होता. तो भाग ओलांडल्यावर पुढे केवळ बर्फाचा सोपा उतार उरला. क्रो आणि व्हिंपर दोर सोडून धावत सुटले. १४ जुलै १८६५ रोजी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी माटरहॉर्न जिंकले गेले.

पण कारेल आधी येऊन गेला नसेल ना? व्हिंपर माथ्याच्या धारेवरून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. बर्फावर कोठेही पाऊल उमटलेले नव्हते. त्याने खाली डोकावून पाहिले, तेव्हा इटलीच्या बाजूला धारेवर ठिपक्यांएवढी माणसे दिसली. ओरडून आणि दगड खाली लोटून विजयी तुकडीने त्यांचे लक्ष वेधले. कारेल निराश होऊन परत फिरला. त्या क्षणी हा जुना प्रतिस्पर्धी आपल्या शेजारी असावयास हवा होता, असे व्हिंपरला वाटून गेले. निशाण कोणी आणले नव्हते. म्हणून क्रोने आपला सदरा काढून तंबूच्या काठीला बांधला. दोन्ही देशांतील दऱ्यांतून तो दिसला. ब्रईच्या लोकांना वाटले, आपला कारेलच पोहोचला. आणि त्यांनी आनंदोत्सव सुरू केला.

माथ्यावर ते तासभर थांबले. मग उतरण सुरू झाली. सर्वांत पुढे क्रो, त्याच्यामागे हॅडो, मग हडसन, डग्लस, थोरला पेटर, व्हिंपर आणि शेवटी धाकटा पेटर, असे सातहीजण एकाच माळेत दोराने बांधलेले होते. अवघड जागी खडकाला एक जादा दोर बांधून त्याचा आधार घ्यावा, असे व्हिंपरने हडसन यांना सुचविले होते. त्यांनाही ते पटले होते. पण पक्के काही ठरले नाही आणि ते राहूनच गेले. क्रो आपली कुऱ्हाड बाजूला ठेवून हॅडोची पावले एकेक करून खडकाच्या खाचेत बसवीत होता. तो पुढे जाण्यासाठी वळला असेल-नसेल, तोच हॅडो घसरला आणि क्रोवर आदळला. दोघे खाली गेले. त्यांच्या हिसक्याने हडसन ओढले गेले आणि त्यांच्यापाठोपाठ डग्लसही. क्रोची किंकाळी ऐकताच थोरला पेटर आणि व्हिंपर यांनी खडकाला घट्ट मिठी मारली. दोर ताणला गेला, हिसका बसला, आणि पेटर व डग्लस यांच्यामधला दोर तुटला. चौघेजण सुमारे बाराशे मीटर खोल हिमनदीवर कोसळले.

मागे राहिलेले तिघे अर्धा तास जागचे हलू शकले नाहीत. मग व्हिंपरने तुटलेल्या दोराचे टोक हाती घेऊन पाहिले आणि तो चरकला. बरोबर आणलेल्या तीन दोरांपैकी तो सर्वांत जुना आणि सर्वांत कमजोर होता. माणसे बांधण्यासाठी तो आणलेलाच नव्हता. गरज पडल्यास खडकाला बांधून मागे सोडून देण्यासाठी तो होता. मजबूत दोर शिल्लक असताना तोच वापरला गेला होता.

खडकाच्या एका अरुंद पायरीवर ती रात्र काढून तिघे १५ जुलैच्या सकाळी त्सेर्माटला पोहोचले. पुढे क्रो, हॅडो आणि हडसन यांचे देह सापडले. डग्लसचा देह कधीच मिळाला नाही. युरोपभर हाहाकार उडाला. इंग्लंडमधील वृत्तपत्रांनी या साहसावर कठोर टीका केली. थोरल्या पेटरनेच जीव वाचविण्यासाठी दोर कापला, अशीही कुजबुज सुरू झाली. सरकारी चौकशी झाली आणि तीत तो निर्दोष ठरला. दोर कापलेला नसून तुटलेला आहे, हे व्हिंपरनेही सांगितले. पण हाच दोर का वापरला गेला, हा संशय त्याच्या मनातून गेला नाही आणि लोकांच्या बोलण्यातूनही गेला नाही. वास्तविक निघण्यापूर्वी आणि उतरण्यापूर्वी प्रत्येक दोर तपासून पाहणे हे एकट्या पेटरचे काम नव्हते. सातांपैकी कोणीही ते केले नव्हते. तुटलेल्या दोराचा तो तुकडा त्सेर्माटच्या संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो.

इकडे कारेल निराश झाला, तरी खचला नाही. अवघ्या तीन दिवसांनी, १७ जुलै रोजी, त्याने आपल्या इटलीच्या बाजूने, अधिक अवघड वाटेने माटरहॉर्नचा माथा गाठला. अशा रीतीने सीमेवरच्या त्या शिखरावर दोन्ही देशांतून माणूस पोहोचला.

या घटनेच्या वेळी व्हिंपर केवळ पंचवीस वर्षांचा होता. आल्प्समधील नवी शिखरे जिंकण्याचा त्याचा हव्यास त्या दिवसानंतर ओसरला. पण तो स्वस्थ बसणारा नव्हता. १८६७ आणि १८७२ साली त्याने ग्रीनलंडच्या बर्फाळ प्रदेशात प्रवास केला. १८७१ मध्ये त्याने आपल्या आल्प्समधील चढायांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यातील चित्रांचे ठसे मोठ्या परिश्रमाने सिद्ध केले. माटरहॉर्नवरील अपघाताची हकिकतही त्यात सविस्तर आहे. धैर्याला सावधपणाची जोड नसेल, तर क्षणाचा निष्काळजीपणा जन्माचे सुख हिरावून नेतो, हा धडा त्याने त्यात पुढच्या गिर्यारोहकांसाठी नमूद करून ठेवला.

मग त्याने दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताकडे मोर्चा वळविला. खूप उंचावर गेल्यावर माणसाला धाप का लागते, डोके का दुखते, याचा अभ्यास त्याला करावयाचा होता. या कामासाठी सोबती म्हणून त्याने कोणाला निवडावे? आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला, जाँ-आंत्वान कारेलला! पंधरा वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांवर मात करण्यासाठी धावाधाव केली, ते दोघे आता एका दोराला बांधले गेले. ४ जानेवारी १८८० रोजी कारेल आणि त्याचा नातलग लुई यांच्यासह व्हिंपरने इक्वेडोर देशातील चिंबोराझो हे सहा हजार मीटरांहून उंच शिखर प्रथमच सर केले. काही लोकांनी या गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. तेव्हा त्याच वर्षी जुलै महिन्यात स्थानिक लोकांना साक्षीदार म्हणून बरोबर घेऊन तो पुन्हा त्याच शिखरावर गेला. कोटोपाक्सी या ज्वालामुखीच्या माथ्यावर तर त्याने एक रात्र मुक्काम केला. अतिउंचीचा शरीरावर होणारा परिणाम, हवेचा दाब मोजणाऱ्या उपकरणांची अचूकता, तेथील कीटक आणि प्राणी, या सर्वांच्या नोंदी त्याने बारकाईने केल्या. या कार्याबद्दल लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८९२ साली त्याला पदक देऊन गौरविले.

कारेलचा अंत त्याच्या लाडक्या शिखरावरच झाला. वयाची साठी उलटल्यावरही तो माटरहॉर्नवर वाटाड्याचे काम करीत होता. एकदा भयंकर हिमवादळात सापडलेल्या आपल्या मंडळींना त्याने दीर्घ परिश्रमाने खाली सुखरूप आणले. सारे सुरक्षित जागी पोहोचल्यावर मात्र तो कोसळला आणि तेथेच त्याने प्राण सोडला. हाती सोपविलेल्या माणसांना खाली आणणे हे वाटाड्याचे पहिले कर्तव्य. ते त्याने अखेरच्या श्वासापर्यंत पाळले.

व्हिंपरची उतारवयाची वर्षे एकाकी गेली. छायाचित्रे छापण्याची कला पुढे आल्यामुळे लाकडी ठशांचा त्याचा व्यवसाय मागे पडला होता. तो व्याख्याने देई, आल्प्सच्या यात्रेकरूंसाठी माहितीपुस्तके लिही आणि वारंवार त्याच पर्वतांकडे परत येई. १६ सप्टेंबर १९११ रोजी फ्रान्समधील शामोनी येथे वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्याचे निधन झाले. तेथेच त्याला मूठमाती देण्यात आली.

आज माटरहॉर्नच्या वाटेवर अवघड जागी पक्के दोर बांधलेले आहेत आणि दरवर्षी अनेक गिर्यारोहक तेथे चढून जातात. तरीही तेथे आजवर शेकडो माणसांनी प्राण गमावले आहेत. शिखराच्या उत्तरेस त्सेर्माटमध्ये, परक्या देशाच्या मातीत, शामोनीकडचा मिशेल क्रो चिरनिद्रा घेत आहे. आणि क्रोच्या शामोनीत व्हिंपर विसावला आहे.